वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायच्या प्लगइनच्या) 'ॲड टू कार्ट' बटणावर 'पिशवीत टाका' असं कसं आणायचं, की अपडेटनंतरही टिकेल?

लोको ट्रान्सलेट हे भाषांतराचं प्लगइन टाकून वूकॉमर्ससाठी भाषांतराची स्वतःची फाइल बनवा आणि ती बनवताना जागा 'कस्टम'च निवडा. 'ऑथर'मधली फाइल प्लगइनच्या अपडेटबरोबर नाहीशी होते, 'सिस्टम'मधली भाषांतराच्या अपडेटमध्ये पुसली जाते. कस्टम फोल्डरला अपडेट शिवत नाही. फाइलची भाषा साइटच्या सेटिंगमधलीच हवी. साइट इंग्रजीत असेल तर अमेरिकी इंग्रजीची फाइल बनवा (इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर, विचित्र वाटतं पण चालतं). मग शोधचौकटीत मूळ इंग्रजी शब्द टाका, खालच्या चौकटीत नवे लिहा, सेव्ह करा. सेव्ह करताना पीओबरोबर एमओ फाइलही बनते. पीओ (.po) फक्त संपादनासाठी असते, साइट ती वाचत नाही; साइट वाचते ती एमओ (.mo). म्हणून एफटीपीने (थेट सर्व्हरवर फाइल पाठवून) नुसती पीओ चढवली तर ढिम्म काही बदलत नाही. वाक्यातली टक्केचिन्हाची खूण (%s) जशीच्या तशी ठेवा. 'कार्टमध्ये टाकलं' या संदेशात तिच्याजागी वस्तूचं नाव येतं. खूण गाळली की नाव गायब. शेवटी साइटची कॅश (साठवलेली जुनी पानं) साफ करा. मात्र बटणाचे शब्द थीमच्या किंवा पेज बिल्डरच्या सेटिंगमध्ये टाइप केलेले असतील तर ते या फाइलमध्ये सापडणारच नाहीत, तिथेच जाऊन बदलावे लागतील.