कायदा शिकायचाय, पण घरचे पाच वर्षं थांबतील का?

ताई, मी गंगाखेड तालुक्यातली. बारावी आर्ट्सला आहे, सगळं शिक्षण मराठीतून. आमच्याकडच्या कितीतरी बाया दिवाळी झाली की साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. आत्याचा जमिनीतला हिस्सा भावांनी लिहून घेतला. हे सगळं बघून मला कायदा आणि समाज असं दोन्ही शिकायचंय. अमेरिकेत पदवीला तसा विषयच असतो असं वाचलं. काका म्हणतात आधी साधं बीए कर, मग बघू. बाबा म्हणतात पाच वर्षं कोण थांबणार, आणि इंग्रजी तरी येतं का तुला? आम्ही ओबीसीत, तीन एकर कोरडवाहू. काय करू?
– एक वाचक, जि. परभणी

तुझ्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मुळाचा एक सुटला की बाकीचे सोपे होतात: तुला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हवी आहे का?

आत्यासारख्या बाईचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभं राहायचं असेल तर सनद लागते, आणि ती बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या एलएलबीवरच मिळते. अमेरिकेतल्या त्या पदवीवर तिथेही वकिली करता येत नाही. पुढे बहुतेक ठिकाणी लॉ स्कूल करावं लागतं. आपल्याकडे तुला हवी ती जोडणी पाच वर्षांच्या बीए एलएलबीत आहेच. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा एकाच पदवीत, दहा सेमिस्टर. समाजशास्त्र घेऊन नुसतं बीए केलंस तर संशोधन, एनजीओ, स्पर्धा परीक्षा हे रस्ते उघडतात, सनद मात्र नाही. तुझं पत्र वाचून तुला सनद हवी आहे असंच दिसतं.

तरी काकांचं म्हणणं उडवून लावू नकोस. बीए तीन आणि त्यानंतरचं एलएलबी तीन अशी सहा वर्षं होतात, म्हणजे एक वर्ष जास्त, आणि मध्ये आणखी एक सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. पण तीन वर्षांनी घरचं गणित बिघडलं तर हाती बीए तरी असतं. पाच वर्षांच्या कोर्सला मध्येच बाहेर पडून पहिली पदवी वेगळी घ्यायची सोय बार कौन्सिलच्या नियमांत नाही. चौथ्या वर्षात लग्न लावून दिलं आणि कॉलेज सुटलं, तर बारावी पास एवढंच उरतं. म्हणून घरी बोलताना ‘पाच वर्षं’ हा शब्द गुळमुळीत ठेवू नकोस. बाबांचा होकार पहिल्या वर्षापुरता घेऊन पुढचं पुढे बघू असं ठरवणार असशील, तर काकांचा रस्ता बरा. पाचही वर्षांचा शब्द मिळत असेल तर बीए एलएलबी. माझं मत बीए एलएलबीकडे झुकतं.

आता आत्याचं बघ, कारण हा कोर्स नेमकं काय शिकवतो ते त्यातून कळेल. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, झाली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा घोळ सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला: गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहतात. मग आत्याचा हिस्सा गेला कसा? हक्कसोडपत्राने. ते नोंदणीकृत होतं की साध्या कागदावर अंगठा घेतला, सातबाऱ्यावर फेरफार कशाच्या आधारे झाला, हे कायद्याचे प्रश्न. आणि कायदा बाजूने असताना बहीण सही का करते, माहेर तुटेल ही भीती कुठून येते, लग्नात झालेला खर्च हिस्सा म्हणून का मोजला जातो, हे समाजशास्त्राचे. तुझ्याच घरातलं प्रकरण दोन्ही पेपरांना पुरतं. त्यात मराठवाड्याची स्वतःची गुंतागुंत आहे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे कुळाची प्रकरणं इथे १९५० च्या हैदराबाद कुळ कायद्यानं चालतात. पश्चिम महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या गाइडमधलं कुळ कायद्याचं प्रकरण पाठ करून इथल्या कोर्टात उभं राहिलीस तर फसशील.

प्रवेशाला बारावी कुठल्याही शाखेतून चालते. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. त्यानंतर राज्याच्या सीईटी सेलची पाच वर्षांच्या लॉची परीक्षा, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास. फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी सुटतात. सध्याच्या पॅटर्नमध्ये दोन तासांत १२० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही असते. इंग्रजीचे प्रश्न १२० पैकी २४. लीगल अ‍ॅप्टिट्यूड आणि लॉजिकल रिझनिंग मिळून ६४. बाबांना हे आकडे दाखव.

लीगल अ‍ॅप्टिट्यूडला कलमं पाठ लागत नाहीत. एक नियम देतात, एक घटना देतात, नियम घटनेला लावायचा असतो. इथे हुशार मुलं चुकतात ती ‘खरं तर न्याय काय’ याचा विचार करून. दिलेला नियम अन्यायाचा वाटला तरी तोच लावायचा. जुने पेपर घड्याळ लावून सोडव आणि प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिही: वाचलं नाही, कळलं नाही, की वेळ संपला. पंधरा-वीस पेपरांनंतर तुझी गळती कुठे आहे ते आपोआप दिसतं.

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, वेगळी. ती डिसेंबरमध्ये होते, पूर्ण इंग्रजीत, लांब उतारे, चुकीला पाव गुण वजा, आणि फॉर्मच चार हजारांचा. छत्रपती संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमधून मिळतं आणि तिथे महाराष्ट्राच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, पण फीचा आकडा वाचून मग ठरव. आत्तापर्यंत सगळं मराठीतून झालेल्या मुलीने एका वर्षात दोन्हींच्या मागे लागू नये. सीईटी धर.

सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं नाही. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, कागद अपलोड करून तपासून घ्यावे लागतात, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. चांगले गुण असून दरवर्षी मुलं इथे गळतात. पसंतीक्रमात नांदेडचं नारायणराव चव्हाण, लातूरचं दयानंद, संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे ही नावं बघशील. त्या वर्षी पाच वर्षांचा कोर्स कुठे आणि किती जागांचा आहे ते सीईटी सेलच्या यादीतूनच घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. ‘डोनेशन भरा, सीट पक्की’ म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहू नकोस.

आणि कागद. खरं सांगायचं तर मुली इंग्रजीपेक्षा इथे जास्त अडतात.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच, बारावीत असतानाच कॉलेजमार्फत कर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो: आजोबा, चुलत आजोबा यांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील, आणि आपल्याकडे बहुतेकांचे गेलेले नसतात, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद शोधायला सांग. जुना कागद उर्दूत असेल तर भाषांतर जोडावं लागतं. वडील किंवा सख्ख्या चुलत्याकडे आधीच वैधता असेल तर काम पुष्कळ हलकं होतं; काकांना आधी तेवढंच विचार. आडनावात किंवा नावात एका अक्षराचा फरक असला तरी समिती त्रुटी काढते, म्हणून टीसी, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षात चालणारा हवा. दहावीला काढलेला जुना कागद घेऊन कुणी आत घेत नाही. त्याच्याबरोबर उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासही काढून ठेव. निकाल लागल्यावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

फीचं ऐक. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अटी दोन: घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, आणि प्रवेश कॅपमधून. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही सवलत गेली. फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि तो दरवर्षी नव्याने भरायचा असतो. पैसे न येण्याची नेहमीची कारणं म्हणजे बँक खातं आधारला जोडलेलं नसणं आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहणं. दुसऱ्यासाठी स्कॉलरशिपच्या क्लार्ककडे दर आठवड्याला जाऊन विचारावं लागतं, लाजू नकोस. वसतिगृह मिळालं नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघ. तिला गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे.

प्रवेश झाला की पुढचा अडथळा हजेरी. नियमाने प्रत्येक विषयात ७० टक्के लागते. अगदी अपवादाच्या कारणाने एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट मिळू शकते, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरायलाच हवेत. ‘लॉ कॉलेजला कोण जातं, परीक्षेला बसलं की झालं’ हे सांगणारे तुला गावात दहा जण भेटतील. काही ठिकाणी तसं खपतंही. पण फॉर्म अडवला की त्यातला एकही जण सोबत येत नाही. आणखी एक: हा कोर्स चालू असताना शेजारी दुसरा नियमित कोर्स करता येत नाही. डी.एड.वाल्या नातेवाइकांना तेवढं सांगून ठेव.

इंग्रजीबद्दल बाबांची भीती अर्धी खरी आहे. विद्यापीठाने मराठीत उत्तरं लिहायची मुभा दिली तरी इंग्रजीचा पेपर सक्तीचा असतो, आणि हायकोर्टाचे निकाल तर इंग्रजीतच येतात. त्यावर माझा एकच उपाय. रोज एक कलम. मूळ इंग्रजी कलम हाताने लिही, खाली मराठी मसुदा, आणि ‘शॅल’, ‘मे’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांखाली रेघ मार. कायद्याचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं असतं. पहिल्या वर्षात ते हाताखाली येतं. पुस्तकं जुन्या बाजारातून घेताना मात्र साल बघ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदाही बदललेत. स्वस्तात मिळालेलं २०२३ चं गाइड तुला नापास करेल.

पेपरमध्ये घटना देऊन प्रश्न येतो तेव्हा मुलं त्या विषयाचा अख्खा निबंध लिहितात आणि गुण जातात. आधी वादाचा मुद्दा एका ओळीत, मग कलम, मग त्या कलमातली प्रत्येक अट या घटनेत भरते की नाही, एखादा निवाडा, शेवटी निष्कर्ष. अट-अट तपासणं हेच उत्तर. राहिलेल्या विषयांचं ओझं साचू देऊ नकोस. एटीकेटीचा नियम विद्यापीठागणिक बदलतो. किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात बसू देतात, हे पहिल्याच महिन्यात ऑफिसातून लेखी घे.

शेवटच्या वर्षांत मूट कोर्टचा, म्हणजे सरावासाठी लढवलेल्या खोट्या खटल्यांचा, पेपर येतो: तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून केलेली नोंद, वकिलाकडच्या मुलाखतींची डायरी, तोंडी परीक्षा. बहुतेक डायऱ्या मागच्या बॅचच्या उतरवलेल्या असतात आणि तोंडीत तिथेच पितळ उघडं पडतं. ‘सरतपासात (स्वतःच्या वकिलाच्या प्रश्नांना) साक्षीदार काय म्हणाला आणि उलटतपासात कुठे फिरला?’ एवढं विचारलं की संपलं. खटला निवडताना पुरावा सुरू असलेला निवड, नाहीतर महिनाभर नुसत्या तारखा बघशील. केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख कळते. त्या दिवशीचा रोजनामा, कुठला कागद कुठल्या निशाणीला (पुराव्याच्या क्रमांकाला) लागला, हरकत कुणी घेतली, हे तिथेच बसून लिही. कोर्ट खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सुट्टीत तालुक्याच्या कोर्टात जायला आत्तापासूनही हरकत नाही.

इंटर्नशिप पाच वर्षांत किमान वीस आठवडे, एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही. तुझ्या आवडीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, आणि ऊसतोडीच्या बायांपर्यंत हे पोचतं की नाही, तेच तुझ्या प्रोजेक्टचा विषय होऊ शकतं.

बाबांना खोटी स्वप्नं दाखवू नकोस. पदवीनंतर सनदेसाठी नोंदणी, मग बार कौन्सिलची परीक्षा, आणि ज्युनिअर म्हणून पहिली काही वर्षं हातात फारसं पडत नाही. ‘पोरगी पास झाली की लगेच जज’ असं कुणी त्यांना सांगितलं असेल तर ते आता खरं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे जज व्हायचं तर पाच अधिक तीन. हा हिशेब त्यांना आधीच सांग, आणि फी माफीचा शासन निर्णय छापून त्यांच्या हातात दे. एक तरी चिंता कमी होईल.

या आठवड्यात दोनच कामं कर. काकांकडे वैधता आहे का ते विचार, आणि शाळेतून आजोबांच्या उताऱ्यासाठी अर्ज देऊन त्याची पोच घे.