साहेब दौऱ्यावर, ऑफिस शांत, तरी मन थाऱ्यावर नाही

"गडबडीत माझी कामं पटापट होतात. पण एखाद्या दिवशी कुणी हाक मारणारं नसलं की काहीच सुचत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?" टेबलासमोर दिवसभर माणसांची रीघ असते, अशा नोकरदारांकडून हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. पुढची हकीकत अशाच एका ताईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई 46 वर्षांच्या, एका सरकारी कार्यालयात आस्थापना लिपिक. पावणेदहाला टेबलाशी बसल्या की साहेबांची बेल, रजेचे अर्ज, सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीवरची बिलं, "मॅडम, माझ्या फरकाचं काय झालं?" असं सव्वासहापर्यंत चालायचं. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एक शुक्रवार आला. साहेब दौऱ्यावर, निम्मा स्टाफ रजेवर. एका शिपायाचा पेन्शन प्रस्ताव बरेच दिवस राहिला होता, तो त्या दिवशी हातावेगळा करायचा असं त्यांनी ठरवलं. प्रत्यक्षात टपाल चाळलं, ड्रॉवर आवरला, ग्रुपवरचे मेसेज पाहिले, तीनदा चहा झाला. घरी जाताना डोकं दुखत होतं आणि वर "फुकटचा पगार घेतला" ही टोचणी.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहू. सततच्या व्यत्ययात काम करताना आपण घाई करून भरपाई करतो. संशोधक ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, व्यत्यय आलेल्यांनी काम कमी वेळात उरकलं, पण त्यांना ताण, वैताग आणि दडपण जास्त जाणवलं. ताईंचं "गडबडीत मी छान काम करते" हे म्हणणं म्हणूनच निम्मं खरं आहे. वेग असतो, पण किंमत शरीर मोजतं. वर्षानुवर्षं पुढच्या बेलसाठी कान टवकारून बसलेल्या शरीराला बेल वाजली नाही तरी ते टवकारणं सोडता येत नाही. बाहेरून कुणी मोडता घालत नाही, मग आपणच घालतो. हा स्वभावदोष नाही आणि आळस तर अजिबात नाही.

ताईंना हे नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून एक काम दिलं: कागदावर चार रकाने करायचे, साहेब, समोर आलेली माणसं, फोन आणि स्वतःहून. हातातलं काम मध्येच सुटलं की ते ज्यामुळे सुटलं त्या रकान्यात एक रेघ मारायची. रोजच्या दिवशी पहिले तीन रकाने भरायचे. पुढे साहेब पुन्हा बैठकीला गेले, त्या शांत दिवशी दुपारी एकपर्यंत 34 रेघा झाल्या: फोनच्या 5, माणसांच्या 3 आणि स्वतःहून 26. तो कागद पाहून ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला उठवणारी मीच."

पहिला प्रयत्न फसला. ताईंनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका दमात पेन्शन प्रस्ताव असा बेत केला आणि साडेअकराला तो मोडला. "प्रस्ताव पूर्ण करणे" हे काम नाही, तो कामांचा ढीग आहे. त्यात सेवापुस्तक, म्हणजे त्या शिपायाच्या नोकरीची नोंदवही, तपासणं येतं, वेतन पडताळणी पथकाचा शेरा पाहणं येतं, रजेचा हिशेब येतो, वारसांची नोंद येते. सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं नसलं की हात फोनकडे जातो. शिवाय मोबाइल टेबलावरच होता, फक्त पालथा. पालथा मोबाइलसुद्धा बोलावतो.

दुसऱ्या वेळी बेत बदलला. आदल्या संध्याकाळी निघताना ताईंनी एका चिठ्ठीवर पहिली कृती लिहिली: "पान 14 पासून वेतनवाढी ताडणे, 1 जानेवारी 2016 च्या वेतननिश्चितीपर्यंत." टेबलावर तेवढं एकच सेवापुस्तक ठेवलं, बाकीच्या नस्त्या कपाटात. सकाळची पहिली 20 मिनिटं टपालासारख्या किरकोळ कामाला दिली, कारण आल्या आल्या मन एकदम खोल उतरत नाही. मग 50 मिनिटं काम, 10 मिनिटं उठून फिरणं आणि पुन्हा 50 मिनिटं. सकाळी एवढंच. मोबाइल कपाटात, साहेब आणि घरचे दोन नंबर सोडून बाकी सगळे आवाज बंद. खुर्ची दाराकडे पाठ होईल अशी फिरवली. बारीक गोष्ट वाटेल, पण दारातली प्रत्येक सावली पाहायची सवय याने तुटते.

शेजारी एक कोरा कागद. "गॅस बुक करायचा", "वहिनींना फोन" असं मनात आलं की किती वाजले तेही टाकून तिथे लिहायचं आणि एक वाजता पाहायचं. एकदम उठावंसं वाटलं तर चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, दोन मिनिटं. ही तगमग चढते तशी उतरतेही, आणि ती उतरेपर्यंत खुर्चीत बसणं हाच खरा सराव. काम सोडून उठावंच लागलं तर पुढची कृती एका ओळीत लिहून उठायचं. अर्धवट कामाचा अंश मनात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं. परतल्यावर कुठून सुरू करायचं ते टिपून ठेवलं की तो कमी होतो, हेही त्यांच्याच 2018 च्या अभ्यासात दिसलं.

टोचणीचं काय? ताईंच्या हिशेबी धावपळ दिसली तरच काम झालं. त्यांना विचारलं, सेवापुस्तकातली एक वेतनवाढ चुकली तर कुणाचं नुकसान? "त्या शिपायाचं, आयुष्यभर." मग ती चूक शांत बसून शोधणं हे पगाराचंच काम. हे त्यांनी स्वतः म्हटलं, म्हणून ते टिकलं.

अस्वस्थता सुट्टीच्या दिवशीही जात नसेल, झोप उडाली असेल, धडधड होत असेल आणि असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर मात्र हे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

पुढच्या शांत दिवशी पहिली 25 मिनिटं जड गेली, असं ताईंनी सांगितलं. नंतर कधीतरी पंख्याची टिकटिक ऐकू आली. इतकी वर्षं तो असाच वाजतो हे त्यांना माहीतच नव्हतं. सेवापुस्तकाच्या कडा झिजलेल्या, जुन्या नोंदी निळ्या शाईच्या, आणि एका जुलैची वेतनवाढ नोंदवलेली पण सही नसलेली. ती त्यांना सापडली. प्रस्ताव त्या दिवशी पुरा झाला नाही. दुपारचा डबा त्यांनी खिडकीशी बसून सावकाश खाल्ला आणि सव्वासहाला निघताना चिठ्ठीवर लिहिलं: "सोमवारी पान 31 पासून."