लांबचं घर खरंच स्वस्त पडतं का?

प्रश्न : नोकरी हिंजवडीत आहे. तिथून १८ किलोमीटरवरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी पेट्रोलचा हिशेब मांडा. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ७९२ किलोमीटर. कोंडीत कारला १२ चा अ‍ॅव्हरेज धरला, तर ६६ लिटर. हा खर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवून बघा.

मग बसथांब्यापर्यंत चालून जा, तेही अंधार पडल्यावर. नकाशात थांबा ३०० मीटरवर दिसतो. पण मध्ये सोसायटीची सलग भिंत असली, की गेटवरून वळसा किलोमीटरभराचा होतो. त्यात फुटपाथ नसला, तर दुधाच्या पिशवीसाठीही स्कूटर काढावी लागते. मागचं फाटक उघडं असतं का, हे बिल्डरला नको, तिथे राहणाऱ्यांना विचारा.