अमेरिकन व्यापाऱ्यांच्या तैलचित्रांतला काळा कोट

आपला प्रश्न असा आहे, की एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन व्यापारी आणि कारखानदार यांची तैलचित्रे इतकी एकसारखी का दिसतात. तोच काळा कोट, तीच पांढरी कॉलर, मागे तोच तपकिरी अंधार. आणि हा चित्रकारांच्या कल्पकतेचा अभाव समजावा का. मी स्वतः व्यक्तिचित्रे रंगवतो आणि काही वर्षे बोस्टनमध्ये राहिल्यामुळे यांतील बरीच चित्रे मला जवळून पाहता आली. माझ्या मते हा सारखेपणा गिऱ्हाइकांनीच मागून घेतलेला होता, आणि त्यामागचे कारण मराठीतल्या एकाच शब्दात सांगता येते : पत.

त्याआधीच्या शतकात असे नव्हते. जॉन सिंगलटन कॉप्ली याने १७६० च्या दशकात निकोलस बॉयलस्टन या बोस्टनच्या व्यापाऱ्याला रंगवले, तेव्हा त्याच्या अंगावर सैलसर रेशमी झगा होता, डोक्यावर मखमली टोपी होती आणि कोपर हिशेबाच्या वह्यांवर टेकलेले होते. अशा झग्याला तिकडे ‘बॅनियन’ म्हणत. हा शब्द मुळात गुजरातीतल्या ‘वाणियो’चा, म्हणजे आपल्या वाण्याचाच, पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलेला अवतार आहे. दूरच्या देशांतून माल येतो, घरात रेशीम आहे, दुपारी निवांत बसायला सवड आहे, हे सांगण्यात त्या पिढीला संकोच वाटत नसे.

पुढच्या शतकात व्यापार अनोळखी माणसांशी होऊ लागला आणि हा संकोच आला. ज्याला कधी पाहिलेले नाही अशा दूरच्या दुकानदाराला उधारीवर माल द्यायचा, तर त्याचा भरवसा कसा धरायचा? लुईस टॅपन याने १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली ती याच अडचणीतून. गावोगावचे बातमीदार तिला व्यापाऱ्यांच्या मालमत्तेबरोबरच त्यांच्या चालीरीतींचीही माहिती कळवत. अमका दारू पितो का, तमका कष्टाळू आहे का, हेही तीत येई. वागणुकीवरून कर्ज मिळण्याच्या त्या काळात रंगीत रेशमापेक्षा काळा लोकरी कोट अधिक बोलका ठरला, कारण त्यातून संयम आणि नियमितपणा दिसे. शिवाय पुष्कळ चित्रे घरासाठी नसून बँका, विमा कंपन्या आणि न्यूयॉर्कच्या चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थांच्या भिंतींसाठी काढली जात. तिथे आधीच्या चित्रांच्या रांगेत आपले चित्र शोभले पाहिजे, ही प्रत्येकाची इच्छा असे.

चित्रकाराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. काळा कोट रंगवणे सोपे नसते. तो प्रकाश गिळून टाकतो, आणि त्यात नुसता काळा रंग भरला तर चित्राला भोक पडल्यासारखे दिसते. म्हणून चित्रकाराचे खरे कसब चेहऱ्यात आणि हातांत शोधावे. जॉन सिंगर सार्जंट याने १८९७ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या विश्वस्तांसाठी त्यांचे अध्यक्ष हेन्री मार्क्वांड यांचे चित्र काढले. रेल्वेच्या व्यवहारांत संपत्ती मिळवलेल्या त्या वृद्धाने कानशिलाला टेकवलेला कृश हात पाहिला, की कोटाच्या रंगाची आठवणही राहत नाही.

काही चित्रे मात्र निर्जीव वाटतात, आणि त्याचेही कारण आहे. पिस्तुलांचा कारखानदार सॅम्युएल कोल्ट १८६२ साली वारला, तर चार्ल्स लोरिंग एलियट याने त्याचे पूर्णाकृती चित्र त्याच्या विधवेसाठी १८६५ साली पुरे केले. समोर माणूसच नाही, तर त्याची हालचाल कुठून आणायची? समूहचित्रांत ही अडचण आणखी वाढते. ख्रिश्चन शुसेले याच्या १८६२ सालच्या ‘मेन ऑफ प्रोग्रेस’ या चित्रात १९ संशोधक आणि कारखानदार एका दालनात जमलेले दिसतात, पण ते असे कधीच एकत्र आले नव्हते. चित्रकाराने प्रत्येकाचा वेगळा अभ्यास करून त्यांना एका कॅनव्हासवर बसवले. चित्राचा खर्च करणारा शेगड्यांचा कारखानदार जॉर्डन मॉट हाही त्या १९ जणांत आहे.

आता ज्या चित्रासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे येतो. फिलाडेल्फियाचा पॅट लायन हा कुलपे आणि आगीचे बंब बनवणारा कारागीर होता. १७९८ साली बँक ऑफ पेनसिल्व्हेनियातून १,६२,८२१ डॉलर चोरीला गेले. तिजोरीच्या दारांचे काम लायनने केलेले असल्यामुळे संशय त्याच्यावर आला. पीतज्वराच्या साथीमुळे तो शहर सोडून डेलावेअरमध्ये गेला होता. आळ आल्याचे कळताच तो आपण होऊन परत आला, तरीही त्याला वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात सुमारे ३ महिने डांबण्यात आले. खरा चोर सापडला तो चोरीचे पैसे त्याच बँकेत भरू लागल्यामुळे. लायनने पुढे खटला भरला आणि १८०५ साली ज्यूरीने त्याला १२,००० डॉलरची भरपाई देवविली.

हाच लायन श्रीमंत झाल्यावर जॉन नेगल या तरुण चित्रकाराकडे गेला आणि त्याने बजावून सांगितले, की मला सभ्य गृहस्थ म्हणून रंगवू नका, तसा माझा दावा नाही. बाह्या सरसावून, चामडी ॲप्रन बांधून ऐरणीपाशी काम करताना रंगवा. १८२७ साली पुरे झालेले ते चित्र जवळजवळ ८ फूट उंच आहे. भट्टीचा तांबूस उजेड, हातात हातोडा, मागे भात्यापाशी शिकाऊ पोरगा; पायांत मात्र चांदीची बकले लावलेले बूट, जे कुठलाही लोहार कामावर घालणार नाही. आणि डावीकडच्या खिडकीतून वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगाचा घुमट दिसतो. काळ्या कोटातल्या गृहस्थांनी त्याची पत एका संशयावर बुडवली होती, म्हणून त्याने ती कोटाशिवाय परत मागितली, असे मला ते चित्र पाहताना वाटले आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

बोस्टन अथेनियम या संस्थेने ते विकत घेतले, आणि आज ते बोस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये आहे. पहिले चित्र हातचे गेल्यावर लायनने नेगलकडून स्वतःसाठी तेच चित्र पुन्हा काढून घेतले. ते १८२९ साली, लायनच्या मृत्यूच्या वर्षी, पुरे झाले आणि फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत पाहायला मिळते.