चार एकर द्राक्षबागेसाठी पहिलाच छोटा ट्रॅक्टर घेतोय. कोणता घ्यावा आणि अवजारं वापरायला कशी शिकावीत?

तुम्ही लिहिलंय की चार एकर द्राक्ष आहे, ओळीतलं अंतर नऊ फूट, वाय पद्धतीची (वाय आकाराच्या मांडवावरची) बाग, शिवाय एक एकर मोकळं वावर. फवारणी आजवर भाड्याच्या ब्लोअरवर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणाऱ्या यंत्रावर, झाली आणि ट्रॅक्टर स्वतः कधी चालवलेला नाही. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार आहे, छोटा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं स्वतःच वापरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी ब्लोअर ठरवा, मग ट्रॅक्टर. द्राक्षात छोट्या ट्रॅक्टरचे बहुतेक तास फवारणीतच जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा ते दोडा अवस्थेत (डोळे फुटण्यापासून फुलोऱ्यापर्यंत) पाऊस झाला की डावणी या बुरशीजन्य रोगासाठी एकेक तास महत्त्वाचा असतो, आणि नेमका त्याच दिवशी भाड्याचा ब्लोअर गावात सगळ्यांना हवा असतो. स्वतःचा ट्रॅक्टर घेण्यामागचं खरं कारण हेच आहे. म्हणून जो ट्रॅक्टर भरलेला ब्लोअर ओल्या काळ्या जमिनीतून ओढून नेईल तो तुमच्या कामाचा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पाचसहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर घेणार असाल तर २४ ते २८ एचपी आणि चारही चाकांना ओढ, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, यापेक्षा खाली उतरू नका. स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ हे १५ एचपीचे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर कोळपणी, हलकी ट्रॉली, भाजीपाला यांना चांगले आहेत, पण मोठा पंखा फिरवत चिखलातून जाणं हे त्यांचं काम नाही. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा बी २४४१, जॉन डिअर ३०२८ ईएन हे तुमच्या गटातले. यातला कुठलाही घ्या, पण ज्याचा मेकॅनिक फोन केल्यावर त्याच दिवशी तुमच्या वावरात पोचतो तोच घ्या. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहणं परवडत नाही.

माहितीपत्रकावर छापलेली एचपी इंजिनाची असते. ब्लोअरला मिळते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची, आणि ती त्याहून कमी असते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, हायड्रॉलिक किती वजन उचलतं हे सगळं मोजून दिलेलं असतं. तुम्ही निवडलेल्या मॉडेलचा अहवाल डीलरकडे मागा आणि हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

मग टेप घेऊन बागेत जा. ट्रॅक्टरची एकूण रुंदी चार फुटांच्या आत हवी, कारण नऊ फुटांच्या ओळीत दोन्ही बाजूंच्या फुटी आल्या की मोकळी वाट फारच थोडी उरते. सायलेन्सर उभा नको, खालून किंवा बाजूने काढलेला हवा, नाहीतर कोवळ्या शेंड्यांना गरम हवा लागते. ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा असतात, त्या सोडून ट्रॅक्टर आणि ओढायचा ब्लोअर मिळून वळायला किती जागा उरते तेही बघा. जागा कमी असेल तर मागे उचलून धरायचा दोनशे लिटरचा ब्लोअर बरा. तो सहज वळतो, मात्र टाकी वारंवार भरावी लागते आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं, म्हणून पुढे वजनं लावावीच लागतात. एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हातात असूनही ट्रॅक्टर वळत नाही.

क्लचचा प्रकार विचारायला विसरू नका. सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की ट्रॅक्टरही थांबतो आणि पीटीओही. ड्युअल क्लचमध्ये अर्धा दाबला तर ट्रॅक्टर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो. ओळीत अडथळा आला, गिअर बदलायचा झाला, तरी फवारा तुटत नाही. द्राक्षवाल्याने यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत असं माझं मत आहे.

आता पीटीओबद्दल. उत्तरातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. ट्रॅक्टरच्या मागे जो खाचांचा दांडा फिरतो तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याला जोडून अवजारापर्यंत जाणाऱ्या शाफ्टला उपरण्याचं टोक, साडीचा पदर, सैल बाही किंवा ओढणी लागली तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. नव्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण येतं आणि खूप ठिकाणी ते पहिल्या काही महिन्यांतच काढून टाकलेलं दिसतं, कारण ग्रीस मारताना अडचण होते. ते काढू नका. फुटलं तर नवं आणा. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय शाफ्टला हात लावायचा नाही, ब्लोअरची जाळी साफ करायची नाही, रोटाव्हेटरमध्ये अडकलेली वेल ओढायची नाही. फिरता शाफ्ट ओलांडून पलीकडे जायचं नाही. बागेत मजूर बाया काम करत असतील तर ट्रॅक्टर त्यांच्यापासून लांब उभा करा आणि पीटीओ बंद झाल्यावरच टाकीजवळ येऊ द्या. मडगार्डवर कोणीही बसायचं नाही, घरची मुलं तर मुळीच नाही. हे नियम पहिल्या दिवसापासून घरात सांगून ठेवा, कारण एकदा सूट दिली की पुढे कोणी ऐकत नाही.

शाफ्टच्या लांबीकडेही लक्ष द्या, तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. अवजाराबरोबर येणारा शाफ्ट छोट्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा लांब पडतो. तसाच जोडला आणि हायड्रॉलिकने अवजार उचललं की शाफ्टची दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. अवजार जोडून हळूहळू वरखाली करा, शाफ्टला सर्वांत कमी जागा कुठे मिळते ते शोधा आणि त्या मापाने डीलरच्या मेकॅनिककडूनच आतली-बाहेरची नळी सारखी कापून घ्या. अवजार सगळ्यात लांब असतानाही एक नळी दुसरीत साधारण एक तृतीयांश अडकलेली राहिली पाहिजे. दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रेषेत बसलेत ना तेही पाहा, नाहीतर थरथर सुटते.

अवजार जोडण्याचा क्रम असा: सरळ मागे येऊन आधी डावा हात (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांपैकी डावा), मग उजवा, मग वरचा मधला दांडा म्हणजे टॉप लिंक, आणि शेवटी शाफ्ट. उजव्या हाताला लांबी कमी-जास्त करायची सोय असते, म्हणून तो दुसरा. सोडताना बरोबर उलटं. ट्रॅक्टर मागे येत असताना अवजार आणि चाक यांच्यामध्ये माणूस उभा राहू देऊ नका, घाई कितीही असो. पिना लावल्यावर साखळ्या ताणून घ्या, म्हणजे अवजार ओळीत इकडेतिकडे झुलून खोडाला लागणार नाही. ट्रॉली किंवा अडकलेली गाडी ओढायची असेल तर फक्त खालच्या ड्रॉबारने, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीने. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढलं की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो.

शिकण्यासाठी तुमचं एक एकर मोकळं वावर फार कामाचं आहे. नऊ फुटांवर बांबू रोवा, सुतळी बांधा आणि खोट्या ओळी तयार करा. सुरुवातीला काहीही न जोडता त्यांतून जा, वळा, मागे या. मग रिकामा ब्लोअर जोडून तेच करा. ओढायचं अवजार मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ही सवय हाताला लागायला वेळ जातो. वळणावर शाफ्टचा कोन जास्त झाला की कटकट आवाज येतो. तो ऐकू येण्याआधीच पीटीओ बंद करायचा. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरेन्शियल लॉक एक चाक जागीच घसरायला लागलं तर, चाक फिरायचं थांबवून, ट्रॅक्टर सरळ असतानाच दाबा, वळण्याआधी सोडा. फोर व्हील ड्राइव्ह वावरात चालू ठेवा, डांबरी रस्त्यावर बंद करा, नाहीतर पुढचे टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

फवारणीचा अंदाज पाण्यावरच घ्या, औषध टाकायच्या आधी. ताशी ४ किलोमीटर वेग म्हणजे ५० मीटर अंतर ४५ सेकंदांत. बागेत ५० मीटर मोजून, कोणत्या गिअरमध्ये, इंजिनाचे किती फेरे ठेवले की पीटीओचे ५४० होतात आणि ही वेळ जमते ते लिहून ठेवा. नऊ फुटी ओळीच्या एका एकरात साधारण १,४७५ मीटर चालावं लागतं, म्हणजे या वेगाने २२ मिनिटं, वळणं सोडून. आता उभ्या ट्रॅक्टरवर सगळ्या नोझलमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते मोजा. १५ लिटर पडत असेल तर एकरी ३३० लिटर. हा हिशेब माहीत नसल्याने कितीतरी बागांत औषध एक तर वाया जातं नाहीतर कमी पडतं. खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतरच्या) उघड्या बागेत आणि फुटी भरल्यावर पाणी वेगळं लागतं, त्याप्रमाणे नोझल बदला किंवा काही बंद करा. वेग वाढवून वेळ वाचवू नका.

रोटाव्हेटरबद्दल, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराबद्दल, माझं मत कदाचित डीलरला आवडणार नाही. मोकळ्या एकरासाठी साडेतीन-चार फुटी घ्या, रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरपर्यंत पोचेल इतकी. लो गिअरमध्ये चालवा, खोली बाजूच्या पट्ट्यांनी बांधून ठेवा, आणि पूर्ण उचलण्याआधी पीटीओ बंद करा. सुरक्षेचा छोटा बोल्ट तुटला तर त्याच मापाचा दुसरा लावा, जाड बोल्ट घालू नका. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. बागेत मात्र रोटाव्हेटर शक्य तितका कमी. वेलीची अन्न घेणारी पांढरी मुळं वरच्याच थरात असतात, ती दरवेळी कापली जातात. वर जमीन पिठासारखी होते आणि खाली कडक थर बसतो. गवतासाठी ओळीत गवत कापायचं यंत्र फिरवा, कापलेलं तिथेच पडू द्या. आणि ओळीत कुठलंही फिरतं अवजार न्यायच्या आधी ठिबकच्या नळ्या उचलून तारेला बांधा. एक नळी पात्यांत गुंडाळली की अर्धा दिवस गेला.

नांगर घेऊच नका. खोल नांगरट वर्षातून एकदा, मोकळ्या एकरात, मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगून करून घ्या. ते वाचलेले पैसे ब्लोअरवर घाला.

देखभालीत रोजचं एवढंच: इंजिन ऑइल, कूलंट, एअर क्लीनर, ग्रीस. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज उघडून पाहा. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांवर असते, ती चुकवू नका आणि तोवर इंजिनावर पूर्ण ताण टाकू नका.

कागदांचं सांगतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर, यांत्रिकीकरणासाठी अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका, आधी घेतलेल्या ट्रॅक्टरवर अनुदान मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये तोच लावलाय ना पाहा. बिलावर इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः ताडून घ्या, आणि ताबा घेताना तासांचं मीटर बघा.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगतो. बरेच जण दसऱ्याला ट्रॅक्टर घरी आणतात, आणि त्याच सुमारास छाटण्या सुरू होतात. नव्या माणसाला मग थेट गर्दीच्या फवारण्यांतच शिकावं लागतं. मुहूर्त हवाच असेल तर अक्षय्य तृतीया धरा. खरड छाटणी झालेली असते, बाग उघडी असते, ओळीत दोन्ही बाजूंना नजर पोचते, आणि ऑक्टोबरपर्यंत ब्लोअर चालवायचा हात बसवायला चार-पाच महिने मिळतात.