बटण बंद केलं, तरी ऑर्डर दोनदा

प्रश्न : आमच्या साइटवर काही ग्राहकांची ऑर्डर दोनदा पडते. क्लिक होताच बटण डिसेबल करतो. शिवाय सेव्ह करण्याआधी 'हीच ऑर्डर आधी आली आहे का' हे डेटाबेसमध्ये तपासतो. तरी अधूनमधून डुप्लिकेट सापडतातच. आता काय करायचं राहिलं?

उत्तर : तुमचा दुसरा उपाय वाचून हसू आलं, कारण माझाही कोड कित्येक वर्षं असाच होता. आधी बघायचं, नसेल तर टाकायचं. वाचताना त्यात काही खोट दिसत नाही. पण दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकदम आल्या की काय होतं बघा. पहिली विचारते, 'आहे का?' उत्तर येतं, नाही. ती इन्सर्ट करायच्या आत दुसरी विचारते, 'आहे का?' तिलाही उत्तर, नाही. मग दोघी आपापली ओळ टाकून मोकळ्या. तुमच्या लॅपटॉपवर हे सहसा दिसणार नाही, कारण तिथे रिक्वेस्ट पाठवणारे तुम्ही एकटेच.

बटणाचं म्हणाल तर ते राहू द्या, काम चालू आहे एवढं तरी ग्राहकाला कळतं. पण नेट अडखळलं म्हणून कुणी पान रिफ्रेश केलं, किंवा मोबाइल ॲपने उत्तर मिळालं नाही म्हणून तीच रिक्वेस्ट स्वतःहून पुन्हा पाठवली, तर तुमचं बटण मध्ये येतंच कुठे?

ऑर्डर एकच आहे की दोन, हे ठरवायचं काम डेटाबेसकडे द्या. फॉर्म दाखवताना सर्व्हरवर एक रँडम टोकन बनवा आणि ते हिडन फील्डमध्ये ठेवा. ऑर्डरच्या टेबलात टोकनचा एक कॉलम घ्या, त्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे एकच टोकन दोनदा टाकता येणार नाही असा नियम. जुन्या ओळींत तो नल, म्हणजे रिकामा, राहिला तरी चालतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस युनिक कॉलममध्ये एकापेक्षा जास्त नल चालवून घेतात. आता आधी बघायच्या भानगडीत पडूच नका, सरळ इन्सर्ट करा. दुसरी रिक्वेस्ट आपोआप आपटते. मायएसक्यूएल १०६२ नंबरची एरर देतो, पोस्टग्रेस २३५०५.

ती एरर पकडल्यावर ग्राहकाला लाल अक्षरांत 'ही ऑर्डर आधीच झाली आहे' असं मात्र दाखवू नका. घाबरून तो फोन करेल. त्या टोकनची पहिली ऑर्डर शोधा आणि तिचीच पावती दाखवा. पोस्टग्रेसवर असाल तर एवढं लक्षात ठेवा, की एरर आली की ते ट्रान्झॅक्शन बाद होतं. म्हणून आधी रोलबॅक, म्हणजे ते ट्रान्झॅक्शन मागे घ्या, मग शोधाशोध.

ग्राहक आणि वस्तू या जोडीवरच युनिक का लावायचं नाही, असं तुम्ही विचाराल. उद्या त्याच माणसाला तीच वस्तू पुन्हा हवी झाली तर? तेव्हा तो नवा फॉर्म उघडेल, नवं टोकन मिळेल आणि ऑर्डर बिनबोभाट पडेल.

सेव्ह झाल्यावर पावतीचं पान त्याच उत्तरात देऊ नका. ३०३ रीडायरेक्टने पावतीच्या स्वतंत्र पत्त्यावर पाठवा. मग कुणी कितीही रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा येते, फॉर्म पुन्हा जात नाही.

एका नोंदणीच्या कामात मी हे सगळं केलं, आणि तरी लोकांना मेल दोन-दोन गेले. टेबल उघडलं तर ओळ एकच. तासभर टोकनवरच संशय घेत बसलो. शेवटी दिसलं, मेल पाठवायची ओळ मी इन्सर्टच्या वर लिहिली होती! दुसरी रिक्वेस्ट आधी मेल पाठवायची आणि मग आपटायची. मेल, एसएमएस, जे काही बाहेर जातं ते कमिट झाल्यानंतरच, म्हणजे ओळ डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच.

प्रश्न : ऑर्डरच्या यादीचं पान माझ्याकडे झटकन उघडतं, सर्व्हरवर रेंगाळतं. इंडेक्स लावले, फरक नाही. कॅशे (तयार उत्तराचा साठा) लावू का?

उत्तर : थांबा. आधी क्वेरी लॉग चालू करा, पान एकदा उघडा आणि ओळी मोजा. माझा अंदाज असा : २०० ऑर्डरींची एक क्वेरी, आणि मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला एकेक. एकूण २०१. तुमच्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो, त्यामुळे हे खपून जातं. सर्व्हरवर तो वेगळ्या मशिनवर असेल आणि एका फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर नुसत्या येण्याजाण्यात एक सेकंद गेला.

इंडेक्सने फरक का पडला नाही, तेही यातच आलं. ग्राहकाचा शोध प्रायमरी कीवर होतो, तिथे इंडेक्स असतोच. एकेक क्वेरी वेगवानच आहे, फेऱ्या जास्त आहेत. जॉइन करा, किंवा सगळे ग्राहक-आयडी गोळा करून दुसऱ्या एकाच क्वेरीत नावं आणा. ओआरएम (टेबलांशी तुमच्या वतीने बोलणारी लायब्ररी) वापरत असाल तर सोय तयारच आहे : लाराव्हेलमध्ये 'विथ', जँगोमध्ये 'सिलेक्ट रिलेटेड', रेल्समध्ये 'इन्क्लूड्स'. कॅशे लावलात तर हे २०१ तसेच राहतील, फक्त झाकले जातील. वर कॅशे शिळा कधी झाला याचा हिशेब ठेवायचं नवं काम मागे लागेल.

प्रश्न : अभिप्रायाच्या चौकटीत मराठी नीट सेव्ह होतं, पण कुणी इमोजी टाकला की त्याच्या पुढचा मजकूरच गायब!

उत्तर : तुमचं टेबल मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये आहे. नाव खऱ्या यूटीएफ-८चं असलं तरी त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटचं, म्हणून आपलं आजवर निभावलं. बहुतेक इमोजींना ४ लागतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर डेटाबेस तिथून पुढचं कापून टाकतो आणि नुसती वॉर्निंग देतो, जी कुणी वाचत नाही. स्ट्रिक्ट मोड चालू करा.

२०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत 'यूटीएफ८एमबी४' आलं, ते वापरा. बॅकअप घेऊन टेबल बदला आणि कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही बदला; दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते. आवृत्ती फार जुनी असेल तर २५५ अक्षरांच्या कॉलमवरचा इंडेक्स अडेल, कारण तिथे मर्यादा ७६७ बाइटची आहे. अशा कॉलमची लांबी १९१ करा किंवा इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांपुरताच ठेवा. कुणाच्या तरी जुन्या कोडमध्ये १९१ हा आकडा दिसला, तर तो तिथे ७६७ भागिले ४ या भागाकारातूनच आलेला असतो.