‘गाझी’ खरंच आपल्या पाणबुडीनं बुडवली का?

‘द गाझी अटॅक’ पाहून तुम्ही विचारलंय, की सिनेमात दाखवलंय तसं आपल्या एस-२१ पाणबुडीनं पाकिस्तानची गाझी बुडवली का. नाही. सिनेमा मी तीनदा पाहिलाय, अतुल कुलकर्णी आणि के के मेननसाठी पुन्हाही पाहीन. पण त्यातली मुख्य घटनाच काल्पनिक आहे.

एस-२१ हा क्रमांक खरा आहे. ती म्हणजे आयएनएस करंज, उरणजवळच्या करंजा बेटाचं नाव मिळालेली पाणबुडी. पण १९७१च्या युद्धात ती बंगालच्या उपसागरात नव्हतीच, पश्चिमेला अरबी समुद्रात होती. तिचे कप्तान होते विजयसिंह शेखावत. त्यांना वीरचक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. १० मार्च २०२१ला मुंबईत नवी करंज नौदलात दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते.

गाझी ही मूळची अमेरिकन पाणबुडी, यूएसएस डायब्लो. १९६४मध्ये ती पाकिस्तानला मिळाली. कराचीहून निघून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन लढण्याइतका पल्ला पाकिस्तानच्या या एकाच पाणबुडीचा होता. १४ नोव्हेंबर १९७१ला ती निघाली. शिकार एकच: आपली विमानवाहू नौका विक्रांत. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेगावर मर्यादा, म्हणजे पाणबुडीपुढे आयतं सावज.

खरी गोष्ट घडली ती जमिनीवर, आणि सिनेमानं तिच्यावर घाईघाईनं पडदा टाकलाय याचंच मला जास्त वाईट वाटतं. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानकडे पाठवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा उभा केला. त्यांनी आठवणींत सगळं लिहून ठेवलंय. राजपूत ही म्हातारी, मोडीत निघायला आलेली विनाशिका. तिला समुद्रात पाठवून विक्रांत असल्यासारखे भरमसाट बिनतारी संदेश पाठवायला लावले. एवढ्या मोठ्या जहाजाला पुरेल इतक्या मटण-भाजीची ऑर्डर गावातल्या ठेकेदारांना दिली, म्हणजे बाजारात आपोआप बोलवा होणार. आणि विक्रांतवरच्या कुणा खलाशानं आईच्या तब्येतीची चौकशी करणारी तार पाठवल्याचं नाटकही केलं, तेही मुद्दाम गुप्ततेचा नियम मोडून. एवढ्यावर एक अख्खा सिनेमा झाला असता!

३ डिसेंबरच्या रात्री राजपूत विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडत होती. पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली, म्हणून तिनं दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले. हाती काही लागलं नाही, ती पुढे निघून गेली. मध्यरात्रीच्या सुमारास किनाऱ्यावर मोठा स्फोट ऐकू आला. मग मच्छीमारांच्या हाती लागलेल्या वस्तूंत यूएसएस डायब्लोचं नाव असलेलं लाइफ जॅकेट निघालं. पाणबुडीवरच्या नव्वदहून अधिक जणांपैकी एकही वाचला नाही.

इथेच वाद आहे. आपल्या नौदलानं श्रेय राजपूतला दिलं. पाकिस्तान म्हणतं की अपघात झाला. गाझी स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली असावी, असं एक मत. बॅटरी चार्ज होताना साचलेल्या हायड्रोजननं किंवा आतल्या टॉर्पेडोंनी पेट घेतला असावा, असं दुसरं. पाण्यात उतरलेल्या डायव्हर्सना गाझीच्या सांगाड्याच्या पुढच्या भागातलं पोलाद बाहेरच्या बाजूला फाटलेलं दिसलं, यावरून माझा कल आतल्या स्फोटाकडे आहे. तो स्फोट डेप्थ चार्जच्या धक्क्यानं झाला की आपणहून, हे ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता पाण्याखालची ती समोरासमोरची झुंज. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीनं दुसरीला बुडवल्याचं इतिहासात एकच नोंदवलेलं उदाहरण आहे: ब्रिटिशांच्या व्हेंचरर पाणबुडीनं ९ फेब्रुवारी १९४५ला नॉर्वेजवळ जर्मन यू-८६४ बुडवली, तीही तासन्‌तास नुसतं कान लावून पाठलाग करून, अंदाजानं चार टॉर्पेडो सोडून. आपल्या सिनेमात मात्र शत्रू कान लावून बसलेला असताना लोक ओरडतायत, वर ‘जन गण मन’! खऱ्या पाणबुडीत अशा वेळी हातातला पानासुद्धा खाली पडू देत नाहीत.

पण कोंदटपणा मात्र बरोबर पकडलाय. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर करंजच्याच जातीची कुरसुरा संग्रहालय म्हणून ठेवलीय. तिच्या गोल दारांतून वाकून एकदा जा, मग पुन्हा सिनेमा बघा. हुकूम मिळाला की तो मोठ्यानं परत म्हणायचा, हेही अस्सल.

आणि पाणबुडीचा खरा यशस्वी हल्ला १९७१मध्ये झालाच, पण आपल्यावर. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. दीवला खुकरीचं स्मारक आहे, तिकडे गेलात तर थोडा वेळ काढा.